लष्करात हँडलर असलेल्या भावाचा श्वान मारला गेला. तो कोणाशी बोलत नाही. आम्ही घरच्यांनी काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ सुट्टीवर घाटकोपरला आलाय, दिवसभर गप्प असतो आणि नातेवाईक म्हणतात, "कुत्रंच होतं ना, दुसरं मिळेल." मी फौजेत हँडलर होतो, म्हणून सांगतो: आधी त्या नातेवाइकांना थांबवा.

मेरठच्या आरव्हीसी सेंटरमध्ये, म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाच्या केंद्रात, श्वान आणि हँडलर जोडीनं शिकतात. पुढे त्याचं खाणं, ग्रूमिंग, पंजे तपासणं, दुखलंखुपलं, सगळं त्या एकाच माणसाकडे. पण खरी गाठ पडते ती सर्चवर. स्फोटकांचा वास लागला की शिकवलेला श्वान भुंकत नाही, जागीच बसतो. बसण्याआधी त्याचा श्वास बदलतो, शेपटी ताठ होते. मागून येणाऱ्या सगळ्या तुकडीचा जीव त्या खुणेवर असतो, आणि ती ओळखायची हँडलरनं. माझ्या लॅब्रॅडॉरच्या, राणीच्या शेपटीवर माझा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

आणि "जा" म्हणणारा आवाज आपलाच असतो. सांगणारे आपण, म्हणून तो जातो. बाहेरच्यांना हे दिसत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राजौरीत केंट ही लॅब्रॅडॉर आपल्या हँडलरला वाचवताना गोळीबारात गेली. तिच्या शौर्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. माझ्या मनात मात्र तो जवानच होता. ती गेली म्हणून मी आहे, हे घेऊन त्याला पुढे जगायचंय. तुमच्या भावालाही लोक "अभिमान बाळग" म्हणत असतील. अभिमान त्याला आहेच हो. रडायला जागा नाहीये.

घरातल्या मोठ्यांना पटत नसेल तर जंजीरची आठवण करून द्या. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या या लॅब्रॅडॉरनं 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिलं. 2000 मध्ये तो हाडांच्या कॅन्सरनं गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. ते दिवस काढलेल्या मुंबईकराला वेगळं काही समजवावं लागत नाही.

भावाला "कसं वाटतंय" विचारू नका. श्वानाचं नाव विचारा. खायला काय आवडायचं, कोणावर गुरगुरायचा, सर्च झाल्यावर चेंडू मिळाला की काय करायचा. राणी आजारपणात गेली, तेव्हा माझी आई भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे न बघता असं काहीबाही विचारायची. मी पहिल्यांदा बोललो ते तिच्यापाशीच. मोबाइलमधले फोटो दाखवायला लागला तर सगळे बघा, घाई करू नका. आणि मन रमावं म्हणून घरात पिल्लू मात्र आणू नका. युनिटमध्ये उद्या त्याच्या हाती दुसरा श्वान येईल, त्याला जीव लावायची तयारी त्याची त्यालाच करू द्या.

झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर सुट्टी संपायची वाट बघू नका. कुलाब्याला नौदलाचं आयएनएचएस अश्विनी रुग्णालय आहे, तिथे लष्कराच्या जवानांवरही उपचार होतात. एकट्याला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. त्याचं ओळखपत्र बरोबर असू द्या.