वाचकांचे प्रश्न : तीन गटांच्या नोंदी एका साच्यात

प्रश्न : आमचे तीन अभ्यासगट वन्यप्राण्यांसाठी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर येताच आपोआप फोटो घेणारे कॅमेरे) आणि जीपीएस कॉलर (प्राण्याच्या गळ्यात घालायचे, ठिकाण नोंदवणारे पट्टे) वापरतात. सगळ्यांच्या शीट एकत्र केल्या की एका प्राण्याचे दोन होतात, तारखा उलटसुलट होतात. सामायिक रचना कशी करावी?

उत्तर : सगळे एकाच लांबलचक शीटमध्ये कोंबू नका. चार तक्ते करा : प्राणी, उपकरण, डिप्लॉयमेंट आणि नोंद. डिप्लॉयमेंट म्हणजे कोणते उपकरण कुठे किंवा कोणावर, कधीपासून कधीपर्यंत होते. हा तक्ता बहुतेक गट गाळतात आणि खरा घोळ तिथेच होतो.

समजा, कॉलर ११७ मार्चमध्ये एका मादीच्या गळ्यातून काढली आणि जूनमध्ये एका नराला घातली. नोंदीत नुसता कॉलर क्रमांक असेल, तर दोघांचा वावर एकाच प्राण्याच्या नावावर चढतो. मधल्या काळात कॉलर चालू राहिली असेल, तर ती ठेवलेली खोलीही त्याच्या वावरक्षेत्रात येते! म्हणून प्रत्येक नोंद डिप्लॉयमेंटच्या क्रमांकाला जोडा. प्राणी कोणता, ते तिथूनच कळू द्या.

कॅमेऱ्याचेही तेच. तीस रात्री कॅमेरा चालला आणि बिबट्या आला नाही, ही मोलाची माहिती आहे. पण दहाव्या रात्रीच बॅटरी संपली असेल, तर उरलेल्या वीस रात्रींचे काहीच सांगता येत नाही. शेवटची तारीख कॅमेरा उतरवल्याची नको, तो शेवटचा चालू असल्याची हवी. रिकामा रकाना (माहितीच नाही) आणि शून्य (पाहिले, पण काही आले नाही) यांतला फरकही कटाक्षाने पाळा.

बॅटरी बदलताना काही कॅमेऱ्यांचे घड्याळ मूळ तारखेवर जाते. म्हणून बसवताना आणि काढताना कॅमेऱ्यासमोर जीपीएसचा पडदा धरून फोटो घ्या. घड्याळ किती चुकले ते डिप्लॉयमेंटमध्ये लिहा. मूळ वेळ खोडू नका. कॉलरची संशयास्पद ठिकाणेही पुसू नका, वेगळ्या रकान्यात खूण करा.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. ०३/०४ कोणी मार्च वाचतो, कोणी एप्रिल. वेळेसोबत यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक द्या. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरते ती निर्देशांक पद्धत) प्रमाणे. अचूकता मीटरमध्ये, स्वतंत्र रकान्यात. दशांशाचा चौथा अंक अक्षांशात साधारण ११ मीटर दाखवतो, तेव्हा आठ अंक लिहून अचूकता वाढत नाही.

रकान्यांची नावे स्वतः घडवत बसू नका. जैवविविधतेच्या नोंदींसाठी डार्विन कोअर हे मानक २००९पासून आहे, कॅमेरा ट्रॅपच्या माहितीसाठी कॅमट्रॅप डीपी हा ठरलेला साचा आहे. तीनही गटांनी आधी एकेका डिप्लॉयमेंटच्या नोंदी या साच्यात भरून बघा. काय बसत नाही ते तेव्हाच कळेल.