सव्वाशे कोटी वर्षांचा काळ मोजला कोणी?

प्रश्न : नाशिकच्या डोंगरांतला काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा असून असे वय पोटॅशियम-४० या किरणोत्सारी अणूवरून काढतात, असे वाचले. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. एवढा काळ कोणी थांबलेले नसताना हा आकडा आला कुठून? इथल्या डोंगरात कोरलेल्या पांडवलेण्यांचे वयही असेच काढता येईल का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अर्धायुकाल काढण्यासाठी थांबावे लागत नाही, मोजावे लागते. पोटॅशियम-४० च्या केंद्रकात १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन असतात. नैसर्गिक पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत असा अणू जेमतेम एक सापडतो, तरीही एका ग्रॅममध्ये त्यांची संख्या १.८ × १० चा १८ वा घात इतकी भरते आणि त्यांतले ३१ च्या आसपास अणू दर सेकंदाला क्षय पावतात. अणूंच्या संख्येला ०.६९३ ने (२ च्या नैसर्गिक लॉगरिदमने) गुणून या दराने भागले की उत्तर सेकंदांत येते. त्याची वर्षे केली की सव्वाशे कोटी. पाठ्यपुस्तकातला क्षयाचा आलेख पाठ करण्याऐवजी विद्यार्थ्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करावा, असे मला वाटते.

हा हिशेब चालतो, कारण केंद्रक म्हातारे होत नाही. ते कितीही जुने असले तरी पुढच्या सेकंदात त्याचा क्षय होण्याची शक्यता तेवढीच राहते. रदरफर्ड आणि सॉडी या शास्त्रज्ञांनी १९०२ च्या सुमारास मांडलेल्या क्षयाच्या नियमाचे मर्म हेच आहे.

पोटॅशियम-४० च्या क्षयांपैकी सुमारे ८९ टक्के क्षयांतून कॅल्शियम-४० आणि उरलेल्यांतून अरगॉन-४० तयार होतो. लाव्हा वितळलेला असताना अरगॉन वायू निसटून जातो, मात्र खडक घट्ट झाल्यावर तो आत साठू लागतो, आणि म्हणूनच त्याच्या प्रमाणावरून खडकाचे वय कळते. साडेसहा कोटी वर्षांत पोटॅशियम-४० चा जेमतेम साडेतीन टक्के भाग क्षय पावतो आणि बेसाल्टमध्ये मुळात पोटॅशियमच कमी असते, त्यामुळे हे मोजमाप फार नाजूक ठरते.

पांडवलेण्यांना मात्र ही पद्धत लागू पडत नाही. छिन्नीने कोरल्यामुळे खडकातला अरगॉन बाहेर पडत नाही, त्यामुळे मिळणारे वय लाव्हाचेच असेल. ५७३० वर्षे अर्धायुकाल असलेल्या कार्बन-१४ वरून वय काढण्यासाठी लाकूड, कोळसा, हाड असे एके काळी सजीव असलेले काही हवे, आणि पाषाणात ते नसते. या लेण्यांचा काळ ठरवला जातो तो मुख्यतः तिथल्या ब्राह्मी शिलालेखांवरून, म्हणजे दहाव्या लेण्यातील क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या आणि तिसऱ्या लेण्यातील सातवाहनांच्या लेखांवरून.