पुरोहित की पुजारी?

प्रश्न असा आला आहे : 'स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत सुमेरचे पुरोहित, इजिप्तचे पुरोहित, मोहेंजोदडोचा पुरोहित राजा, असे जिकडेतिकडे पुरोहितच भेटतात. तिन्ही ठिकाणी हा शब्द चालतो का? पुजारी म्हटले तर चुकेल का? की धर्मगुरू म्हणावे?'

माझ्या मते सुमेर (आजच्या दक्षिण इराकमधली प्राचीन संस्कृती) आणि इजिप्तसाठी पुजारी बरा. मोहेंजोदडोला दोन्ही नकोत. आणि धर्मगुरू तर कुठेच नको.

बोलताना आपण या शब्दांची सरमिसळ करत नाही. 'आमचे पुरोहित', 'त्यांच्या घरचे उपाध्ये' म्हणतो, पण 'अंबाबाईचे पुजारी', 'खंडोबाचे गुरव'. 'अंबाबाईचे पुरोहित' म्हणून पाहा, लगेच खटकते. पुरोहिताला यजमान लागतो, पुजाऱ्याला देव. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थपुरोहितसुद्धा बांधलेले असतात ते यात्रेकरूंच्या घराण्यांशी, म्हणून तर त्यांच्या वह्यांत आपल्या पणजोबांचे नाव निघते. पुरस् + हित, म्हणजे पुढे ठेवलेला. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हा मान अग्नीला दिला आहे, आणि सुदास राजाचा पुरोहित वसिष्ठ. त्या जगात यज्ञ आहे, यजमान आहे. देऊळ आणि मूर्ती नाही.

सुमेरमध्ये सगळा कारभार देवळाचा. सुमेरी भाषेत देवळाला वेगळा शब्दच नव्हता, 'ए' म्हणजे घर, तेच देवाचे घर. उरुक शहरातले एआना म्हणजे स्वर्गाचे घर, निप्पूर शहरातले एकूर म्हणजे डोंगरघर. देव तिथे राहतो, त्याला न्हाऊमाखू घालायचे, पोशाख करायचा, जेवू घालायचे. उरुकच्याच एका बऱ्याच उत्तरकालीन पाटीवर देवांच्या रोजच्या चार जेवणांची तपशीलवार नोंद आहे, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंतचा पंढरपूरचा दिवस ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटायचे नाही.

त्याहून ओळखीचे वाटतात ते सेवेचे हक्क. त्याच भूमीवर पुढच्या बॅबिलोनी काळात देवळात भाकरी भाजणे, बीअर गाळणे, दार राखणे ही कामे वंशपरंपरेने चालत. वर्षातले अमुक इतके दिवस सेवा तुमची, तितक्या दिवसांचे उत्पन्न तुमचे. भावाभावांत हे दिवस वाटले जात, विकलेही जात. निप्पूरला असे करार मातीच्या पाट्यांवर सापडले आहेत. यासाठी इंग्रजी पुस्तकांना युरोपातल्या चर्चच्या व्यवहारातला शब्द उसना घ्यावा लागतो. आपल्याकडे वतन आणि पाळी हे शब्द तयारच आहेत. पंढरपुरात वंशपरंपरेचे हक्क होते तोवर (२०१४ पर्यंत) बडवे वेगळे, आणि पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे हे सेवाधारी वेगळे, ज्याचे काम त्याला नाव. अशी भाषा हाताशी असताना सुमेरच्या सगळ्यांना एकाच पुरोहिताच्या पगडीखाली का बसवायचे? तिथला 'संगा' हा खरे तर देवस्थानचा कारभारी, धान्य आणि लोकरीचा हिशेब बघणारा. मेंढीचे काळीज पाहून शकुन सांगणारा 'बारू' आपल्याकडच्या कौल घेणाऱ्याच्या जवळचा. 'आशिपू' म्हणजे मांत्रिक. 'एन' हे पद सर्वांत मोठे, आणि उर शहरात ते स्त्रीकडे असे. अक्कडचा राजा सार्गोन याची मुलगी एनहेदुआना इ.स.पू. तेविसाव्या शतकात उरच्या नन्ना या चंद्रदेवाची एन होती. तिचे नाव कोरलेली दगडी चकती ब्रिटिश उत्खनक लिओनार्ड वूली यांना उरच्या उत्खननात मिळाली. तिला 'पुरोहित' म्हणायचे तर स्त्रीलिंगी रूप शोधण्यापासून सुरुवात!

टिपणांतल्या 'पुरोहितांची सत्ता' या वाक्याबद्दलही थोडे. शहराची सगळी जमीन देवळाची आणि सगळा कारभार त्याच वर्गाच्या हाती, ही जुनी मांडणी अभ्यासकांनी केव्हाच सोडली. राजा होता, त्याला 'लुगल' म्हणत, शब्दशः मोठा माणूस. इ.स.पू. २३५० च्या सुमारास लगाश या सुमेरी शहराच्या उरुइनिमगिना या राजाने अंत्यविधीचे दर खाली आणल्याचे त्याच्याच लेखात आहे. आधी एका मृतामागे ७ घडे बीअर आणि ४२० भाकऱ्या घेत, त्या त्याने ३ घडे आणि ८० भाकऱ्यांवर आणल्या. वसुलीत एक बिछानाही आहे. शय्यादान आठवल्याशिवाय राहत नाही. आणि हे घेणाऱ्यालाही मराठीत पुरोहित म्हणणार नाहीत, त्या कामाला किरवंत हा वेगळा शब्द आहे.

इजिप्तचे लवकर आटपते. तिथल्या एका पदाचे नाव 'हेम नेचेर', देवाचा सेवक. दुसरे 'वाब', म्हणजे शुद्ध. वाब अंगावरचे केस काढत, वारंवार स्नान करत, जवसाच्या धाग्याचे (लिननचे) वस्त्र नेसत, आणि गटागटाने महिन्याच्या पाळीने देवळात येत. पाळी संपली की घरी, आपापल्या उद्योगाला. मराठीत याला सोवळ्यातला म्हटले की काम झाले.

आता मोहेंजोदडो. १९२५-२६ च्या हंगामात काशिनाथ नारायण दीक्षित यांच्या उत्खननात संगजिऱ्याचा जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर उंचीचा एक अर्धपुतळा निघाला. दाढी कोरलेली, मिशी नाही, डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर पट्टी, डावा खांदा झाकणारी शाल आणि तिच्यावर त्रिदलाची नक्षी. (दीक्षित मूळचे पंढरपूरचे, पुढे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.) त्या पिढीच्या संशोधकांच्या डोळ्यांपुढे सुमेर होते, तिथले पुढचे उत्खनक अर्नेस्ट मॅके तर मोहेंजोदडोला आले ते इराकमधले किशचे उत्खनन करून. नक्षीचा मेळ तिकडच्या धार्मिक चित्रांशी घातला गेला, आणि पुतळा पुरोहित राजा ठरला. पण त्या शहरात निर्विवाद देऊळ मिळालेले नाही, राजवाडाही नाही. लिपी वाचता येत नाही. डांबराचा थर देऊन पाणी अडवलेले महास्नानगृह आहे, तिथे काही विधी होत असतील; पण ते कोण करी, कोणासाठी करी, याचा पुरावा नाही. याच संस्कृतीतल्या कालीबंगा-लोथलच्या खड्ड्यांना अग्निवेदी मानणारे पुरोहिताची बाजू घेतील. त्यांतल्या काही चुली असाव्यात, असेही म्हणणारे आहेत. देव माहीत नाही आणि यजमानही माहीत नाही, तिथे पुजारी आणि पुरोहित दोघेही अधांतरी. मी 'शालधारी पुरुष' लिहितो. जुने नाव द्यायचेच तर 'तथाकथित' लावून द्यावे.

धर्मगुरू का नको? तो शिकवण देतो, अनुयायी बाळगतो. वर्तमानपत्रांत हा शब्द पोप, बिशप, मौलवी यांच्यासाठी बसला आहे आणि तिथे तो योग्य आहे. सुमेरच्या देवळात कोणी प्रवचन ऐकायला जात नव्हते. भटजीही टाळा, त्या शब्दाबरोबर आपल्याकडची जात सुमेरमध्ये जाऊन बसते.

परीक्षेपुरते मात्र पाठ्यपुस्तकात जे छापले असेल तेच लिहा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याशी शब्दचर्चा करता येत नाही.