धागादोरा : कापडांच्या कोशात लेस बसते का?

प्रश्न : काका, आम्ही काही निवृत्त शिक्षक मंडळींनी सोलापुरात जगातल्या कापडांचा मराठी कोश करायला घेतला आहे. विणकाम, रंगाई, छपाई, भरतकाम अशी प्रकरणं ठरली आणि लेसपाशी गाडी अडली. एक गट म्हणतो, लेसला ना ताणा ना बाणा, ती कापडात मोडतच नाही. झबल्या-परकराची झालर ती, शिवणकामात दोन ओळी टाकून मोकळे व्हा. दुसरा गट म्हणतो, घ्यायचीच तर क्रोशा, जाळी, गोटा-किनार सगळं एकत्र घ्या. तुम्ही काय कराल?
– एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, मी लेस घेईन, आणि तिला स्वतंत्र प्रकरण देईन. पण दुसऱ्या गटाच्या पोतडीतलं बरंच काही परत करीन.

माझी उभी हयात चादरीच्या जेकार्डचे (मागावर नक्षी उठवणारं, भोकांच्या पत्त्यांवर चालणारं यंत्र) ग्राफ भरण्यात आणि पत्ते टोचण्यात गेली. उभा-आडवा धागा दिसला नाही की मलाही चुकल्यासारखं होतं. पण ताण्या-बाण्याचाच नियम लावायचा तर आपल्या अंगातली बनियन कोशाबाहेर जाते, कारण ती फासांत फास अडकवून झालेली. काश्मिरी नमदाही जातो. त्यात धागाच नसतो, लोकर भिजवून, दाबून, मळून बसवलेली असते. या दोघांना आत घेऊन लेसलाच उंबऱ्यावर अडवायचं, हा कुठला न्याय?

शिवाय लेसमध्ये वीण नाही, हेही पुरतं खरं नाही. बॉबिनची लेस घ्या. घट्ट भरलेली उशी, तिच्यावर नक्षी टोचलेला जाड कागद, भोकाभोकात टाचणी, आणि धागा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिन जोडीजोडीने पसरलेल्या. हालचाली दोनच. चार बॉबिन समोर घ्या. मधल्या दोघींतली डावी उजवीवरून टाकली की अढी. मग दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून टाकली की पीळ. अढी, पीळ, अढी असं करत एक जोडी आडवी नेली की तिचे धागे उभ्या धाग्यांच्या खालून-वरून जातात. आमच्या धागे मोजायच्या भिंगाखाली तो भाग धरा, पंचाची साधी वीण दिसेल. लेसमधल्या फुलाची भरीव पाकळी ती हीच. पाकळीच्या बाहेर पीळ वाढवले की धागे एकमेकांपासून सुटतात आणि जाळी पडते. माग नाही, फणी नाही, धोटा नाही, तरी वीण आहे. या चार-पाच पायऱ्यांची रेखाचित्रं कोशात टाका. पहिल्या गटाशी वाद घालायची गरज उरणार नाही.

सुईची लेस तर कापडातूनच निघाली. सोळाव्या शतकात इटलीत लिननच्या कापडातले धागे काढून, उरलेल्या चौकटी काजाच्या टाक्याने भरत. त्याला रेतिचेल्ला म्हणत. पुढे आधाराचं कापडच गेलं. नक्षीच्या रेषेवर एक धागा टाचून घ्यायचा, त्याला धरून काजाचे टाके घालत आत भरत जायचं, शेवटी टाचणीचे टाके कापले की लेस सुटी होऊन हातात येते. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावी हे काम अजून चालतं. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६५ साली अशा कामाला राजाश्रय दिला, तो व्हेनिसच्या लेसपायी देशाबाहेर जाणारा पैसा थांबवायला. २०१० साली युनेस्कोने ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिथे एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात. नखाएवढा तुकडा आणि यंत्रमागाची जवळजवळ एक पाळी!

आता मांडणी. देशवार लावाल तर फ्रान्स, बेल्जियम, इटली यांतच पानं संपतील. वापरावर लावाल तर पुन्हा झालरीत अडकाल. धागा काय करतो, त्यावर लावा : सुईचे टाके, बॉबिनची अढी-पीळ, गाठी (टॅटिंग, म्हणजे गाठींची लेस, यात येईल), आकडीचे फास म्हणजे क्रोशा, आणि शेवटी यंत्र. वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियमसाठी आयरीन एमरीबाईंनी १९६६ साली कापडांचं वर्गीकरण केलं, तेही रचनेवरच. रचना धरली की बाहेर काय ठेवायचं तेही आपोआप ठरतं. गोटा-किनार अरुंद पट्टीसारखी विणलेली असते, ती विणकामात पाठवा. चाटी गल्लीत गुंड्याने मिळणाऱ्या लेसमध्ये रॅशेल यंत्रावरची असेल ती फासांची, तिची जागा होजिअरीशेजारी. जाड, भरीव, मागे कापड नसलेली जी नक्षी ब्लाउजच्या बाहीला लावतात, ती मुळात भरतकाम. यंत्राने कापडावर दाट भरून ते कापड नंतर विरघळवून टाकतात. या सगळ्यांना लेसच्या प्रकरणातून ‘अमुक पान पाहा’ एवढा निरोप पुरे.

यंत्राच्या लेसला मात्र हात आखडू नका. (इथे माझा धंदा बोलतोय, हे मान्य.) इंग्लंडच्या जॉन हीथकोटने १८०९ साली बॉबिननेट जाळीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८१६ साली लफबरोतला त्याचा कारखाना लोकांनी घुसून फोडला, तेव्हा तो बिऱ्हाड-बाजलं उचलून टिव्हर्टनला गेला. दरम्यान १८१३ च्या सुमारास नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सने आपलं यंत्र उभं केलं. त्यात नाण्यासारख्या पातळ पितळी बॉबिन उभ्या धाग्यांमधून पुढे-मागे झुलतात आणि पीळ घालतात. नंतर त्याला जेकार्ड जोडलं गेलं. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात चादरीच्या मागावर जे जेकार्ड बसतं, त्याचंच हे भावंड, आणि पत्तेही तसेच भोकांचे. फरक असा, की आमच्याकडे पत्ता ठरवतो धागा उचलायचा की खाली ठेवायचा. तिकडे तो ठरवतो धागा बाजूला किती सरकायचा. सोलापूरच्या वाचकाला लेस समजावायची तर याहून सोपी वाट नाही.

आणखी एक आग्रह. राण्यांच्या कॉलरी दोन चित्रांत उरका. ती जागा आपल्याकडच्या लेसला द्या. १८२० च्या आसपास लंडन मिशनच्या मॉल्टबाईंनी आजच्या तमिळनाडूतल्या नागरकोइलला मुलींना बॉबिनची लेस शिकवली. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला क्रोशाची लेस एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमुळेच रुजली. तिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जे आपल्या चादरीकडे आधीच आहे. या नरसापूरच्या बायकांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञबाईंचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. घरात बसून दिवसभर परदेशी बाजारासाठी विणणाऱ्या या बायकांना कामगार मानतच नव्हते. ‘गृहिणी आहेत, फावल्या वेळात करतात’ असं म्हणून मजुरी खाली दाबलेली. आपल्याकडे घरोघरी विड्या वळणाऱ्या बाईला निदान विडी कामगार म्हणतात; लेसवाल्या बाईच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. कोशात ‘नाजूक, नयनरम्य’ असं काही लिहायचा मोह झाला तर ते खोडून तिथे मजुरीबद्दल लिहा.

फोटो काळ्या कापडावर घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. पांढऱ्यावर पांढरी लेस छापलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. त्यांतून काही म्हणजे काही कळत नाही.

प्रश्न : आजेसासूबाईंच्या ट्रंकेत वीतभर जुनी लेस सापडली. हाताची की यंत्राची, कसं ओळखू? धुऊ का?
– एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : भिंग घ्या आणि जाळीची घरं बघा. ओळीने सगळी घरं तंतोतंत एकसारखी असतील तर बहुधा यंत्र. हाताच्या कामात एखादं घर थोटं, एखादा पीळ जास्त, नवा धागा जोडल्याची गाठ मागच्या बाजूला, असं काहीतरी सापडतंच. उलट बाजूला काजाचे टाके दिसले तर सुईची. सुटलेलं टोक असेल तरच धाग्याचा कण चिमट्यात धरून जाळा : वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर किंवा नायलॉन, म्हणजे बहुधा फार जुनी नव्हे. मूळ तुकड्याजवळ काडी नेऊ नका.

ब्लीच नको, इस्त्री नको, पिळणं तर नकोच. धुवायलाच हवी असेल तर ताटात गार पाणी घेऊन पसरट बुडवा, टॉवेलवर काढा, टॉवेलनेच टिपा आणि सावलीत आडवी वाळवा. ठेवताना घडी घालू नका, घडीवर धागा तुटतो. धुतलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळी करून ठेवा. वर्तमानपत्र आणि प्लॅस्टिकची पिशवी दोन्ही टाळा.