तपासण्या नॉर्मल, खर्च मात्र वाढताच

प्रश्न : वडील ७३ वर्षांचे आहेत. मधुमेह आणि रक्तदाब जुने, गोळ्या चालू आहेत. आई गेल्याला वर्ष झालं, तेव्हापासून त्यांचं काही ना काही दुखतंच. कधी छातीत धडधड, कधी पोट, कधी पाठ. ईसीजी, एंडोस्कोपी, सीटी स्कॅन झाले, दोनदा दाखलही केलं. रिपोर्ट नॉर्मल येतात, साखर मात्र बिघडलेली. आता फॅमिली डॉक्टरांना नैराश्याची शंका आहे. वडील तर रडत नाहीत, उदास वाटतं असंही म्हणत नाहीत. शिवाय एवढा खर्च झाल्यावर आणखी एक डॉक्टर कशाला, असं घरात सगळ्यांना वाटतं.

उत्तर : आधी खर्चाचं बोलू, कारण बहुतेक घरं तिथेच अडतात. साठीपुढच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेले दोन मोठे अभ्यास १९९७ आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याची लक्षणं असलेल्यांचा एकूण वैद्यकीय खर्च इतरांच्या जवळपास दीडपट निघाला, तोही जुने आजार हिशेबात धरून. त्यात मानसोपचाराचा वाटा अगदी किरकोळ होता. म्हणजे नैराश्याचं बिल हृदयाच्या, पोटाच्या, हाडांच्या डॉक्टरांकडे फाटत होतं. तुमच्याकडेही तेच चाललेलं असू शकतं.

वडिलांचं दुखणं खोटं नाही, हे घरात सगळ्यांनी पक्कं समजून घ्या. नैराश्यात वेदना अधिक तीव्र जाणवते आणि झोप मोडली की ती आणखी वाढते. उतारवयात पुष्कळांना दुःख असं जाणवतच नाही. आवडीच्या गोष्टींतून मन उडतं, पहाटे तीनला जाग येते, भूक जाते, चिडचिड होते, हालचाल मंदावते. यातलं बरंच काही दोन आठवड्यांहून जास्त रोज दिसत असेल, तर तपासणी हवीच. जोडीदार गेल्याचं दुःख लाटांसारखं येतं आणि मधे माणूस नातवंडांशी हसतोही. त्या मधल्या मोकळ्या वेळा उरल्या नसतील, तर केवळ ‘आठवण येते’ म्हणून सोडून देऊ नका.

साखर बिघडण्यामागचं कारणही इथेच सापडेल. नैराश्य असलेले रुग्ण औषध-पथ्य मोडण्याची शक्यता इतर रुग्णांच्या सुमारे तिप्पट असते. गोळी विसरते, जेवणाची वेळ चुकते, चालणं बंद होतं. मग डोस वाढतो, आणि एखाद्या दिवशी वडिलांनी सगळ्या गोळ्या नीट घेतल्या की साखर एकदम खाली येते. गोळ्यांची पाकिटं मोजून बघा, किती उरल्यात ते कळेल.

आता काय करायचं? फॅमिली डॉक्टरांकडे मोठी वेळ मागून घ्या. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांसकट. सोबत आजवरच्या तपासण्यांची तारखांसह यादी, म्हणजे त्याच पुन्हा होणार नाहीत. ज्येष्ठांसाठी हो-नाही अशा १५ प्रश्नांची चाचणी असते. पाच किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढची तपासणी करतात. निदान मात्र डॉक्टरांनी बोलूनच करायचं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, सोडियम, कॅल्शियम आणि किडनीच्या तपासण्या आधी व्हाव्यात, कारण यातला बिघाड नैराश्यासारखाच दिसतो. ऐकू कमी येतंय का, तेही पाहा. ज्याला गप्पा कळत नाहीत तो माणूस हळूहळू खोलीत जाऊन बसतो.

सर्वात उपयोगी बदल साधा आहे. दुखलं की धावायचं, याऐवजी दर दोन ते चार आठवड्यांची भेट ठरवून घ्या, तक्रार असो वा नसो. फाईल एकाच डॉक्टरांच्या हाती राहू द्या. छातीत नवीन दुखणं, शौचातून रक्त, कारणाशिवाय घटणारं वजन अशा खुणा दिसल्या तर मात्र लगेच तपासा. नैराश्याचं निदान झालं म्हणून प्रत्येक दुखणं मनाच्या खात्यावर टाकणं ही उलटी आणि तितकीच घातक चूक आहे.

नियमित पाठपुराव्याने किती फरक पडतो? साठीपुढच्या १,८०१ रुग्णांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. फॅमिली डॉक्टरांच्याच दवाखान्यात एक प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाशी नियमित बोलायची, गुण मोजायची आणि फरक नसेल तर उपचार बदलून घ्यायची. वर्षभरात ४५ टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटली. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण १९ टक्के होतं. चार वर्षांचा एकूण खर्चही साधारण दहा टक्क्यांनी कमी भरला. ही बचत पहिल्या महिन्याच्या बिलात शोधू नका.

प्रश्न : सासूबाईंना नैराश्यासाठी सर्ट्रालिन सुरू होऊन तीन आठवडे झाले. फरक नाही. बंद करावी का?

उत्तर : स्वतःहून नको. चार ते सहा आठवड्यांत परिणाम दिसू लागतो, या वयात आठ ते बारा आठवडेही लागतात. ज्येष्ठांना बहुधा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. अडचण होते ती डोस तिथेच अडकून राहिल्यामुळे, म्हणून डॉक्टरांना भेटून विचारा.

आत्ता एक तपासणी मात्र करून घ्या : रक्तातलं सोडियम. या गटातल्या औषधांनी ते उतरू शकतं, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. सुस्ती, गोंधळ, तोल जाणं ही त्याची लक्षणं ‘नैराश्य वाढलं’ अशी वाटतात आणि पडून खुब्याचं हाड मोडतं. अॅस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळी चालू असेल तर तेही सांगा, पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कुणी सर्ट्रालिनऐवजी अॅमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं जुनं औषध सुचवलं, तर बद्धकोष्ठ, लघवी अडकणं आणि गोंधळ यांबद्दल आधी विचारून घ्या.

बरं वाटल्यावरही किमान सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवायचं असतं, आणि थांबवताना डोस हळूहळू उतरवायचा.

प्रश्न : आई सारखं म्हणते, ‘देवानं आता मला न्यावं.’ नुसतं बोलणं समजायचं का?

उत्तर : शांतपणे, सरळ विचारा : ‘जीव संपवायचा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?’ विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर आईला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. औषधांचा साठा आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, गोळ्या एकावेळी आठवड्याच्याच आणा. खाणं-पाणीच बंद झालं असेल तर थेट रुग्णालय गाठा. अशा तीव्र नैराश्यात भूल देऊन केलेली विद्युत उपचारपद्धती (लोक जिला ‘शॉक’ म्हणतात) ज्येष्ठांमध्ये औषधांपेक्षा लवकर गुण देते, तेव्हा तिचं नाव ऐकून घाबरून नकार देऊ नका.