नव्या टीमची व्हेलॉसिटी: पहिला आकडा कुठून आणायचा?

प्रश्न : आमची नवी टीम आहे, चार डेव्हलपर आणि दोन टेस्टर. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरावीक टप्पा, दोन आठवड्यांचा. २०० पॉइंटचा बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) कधी संपेल ते क्लायंटला आत्ताच हवंय. शेजारच्या टीमची ३५ व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) धरू का?
– एक स्क्रम मास्टर, पुणे

उत्तर : धरू नका. पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज, आणि त्याचं माप प्रत्येक टीम आपापलं ठरवते; त्यांची पाचाची स्टोरी (बॅकलॉगमधलं एक काम) तुमच्याकडे तिनाची असेल किंवा आठाची.

बॅकलॉगमधल्या लहान-मोठ्या सात-आठ स्टोऱ्या उचला. अख्ख्या टीमने बसून त्यांचे टास्क पाडा आणि तास लिहा, डेव्हलपमेंटचे वेगळे, टेस्टिंगचे वेगळे. समजा, स्टोऱ्या ३० पॉइंटच्या भरल्या आणि तास आले १८० व १२०. म्हणजे पॉइंटमागे सहा तास डेव्हलपमेंट, चार तास टेस्टिंग.

आता हाताशी असलेले तास. दहातला एक दिवस प्लॅनिंग, रिव्ह्यू आणि रेट्रोत (कसं काम केलं याच्या चर्चेत) जातो. रजा वजा जाता डेव्हलपरांचे मिळून ३३ दिवस आणि टेस्टरांचे १७ उरले, असं धरू. दिवसाचे आठ तास कुणाचेच कामी येत नाहीत, पाचच मोजा. डेव्हलपरांचे १६५ तास, म्हणजे २७ पॉइंट. टेस्टरांचे ८५, म्हणजे २१. तुमचा आकडा हा २१चा. सगळे तास एकत्र करून भागलं तर २५ येतात, आणि मग शेवटच्या दिवशी चार-पाच पॉइंटचं काम ‘टेस्टिंग बाकी’ म्हणून अडकतं. डेव्हलपर टेस्टिंगला हात लावणार असतील, तरच २५ धरा.

क्लायंटला मात्र एकच आकडा देऊ नका. २१चे ढोबळ २० धरून ०.६ ते १.६ पट असा पट्टा सांगा: १२ ते ३२ पॉइंट, म्हणजे ७ ते १७ स्प्रिंट. तो कुरकुरेल. तीन स्प्रिंटनंतर प्रत्यक्ष आकड्यांवरून पट्टा आवळून देऊ, हे आधीच कबूल करा.

प्रश्न : पहिल्या स्प्रिंटमध्ये ११च पॉइंट झाले. आठाची एक स्टोरी ९० टक्के झाली होती. तिचे सात धरू?
– एक टीम लीड, नाशिक

उत्तर : शून्य धरा. पूर्ण होईल त्या स्प्रिंटमध्ये आठच्या आठ मिळतील. पहिल्या स्प्रिंटचे दिवस अ‍ॅक्सेस आणि बिल्ड सेटअपमध्येही जातात, तेव्हा एकट्या ११वरून रिलीजची तारीख हलवू नका. मॅनेजरने ‘पुढच्या वेळी २०’ असं टार्गेट लावलं, तर तिनाच्या स्टोऱ्या पाचाच्या होऊ लागतील, काम तेवढंच राहील. आठाच्या स्टोऱ्या मात्र प्लॅनिंगमध्येच फोडून दोना-तिनाच्या करा.