सलग हलकी पाने येतात तेव्हा

ब्रिजमध्ये बारा किंवा जास्त पॉइंटचा (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १; एकूण ४०) हात साधारण तीन डावांत एकदाच येतो. म्हणजे लागोपाठ चार डाव त्याहून कमी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. असे वरचेवर घडणारच. पाने हाताने पिसत असाल तर निदान सात वेळा नीट पिसा.

कंटाळून दहा पॉइंटवर ओपनिंग (पहिली बोली) करू नका. भिडू तुमचे बारा धरून गेमला (बोनसच्या मोठ्या बोलीला) जातो आणि डबल पडते, म्हणजे हरल्यास दंड वाढतो. सहा पानांचा चांगला रंग असेल तर वीक टू (हलक्या हाताची दोनची बोली) बोला, नाहीतर सरळ पास.

खरी कमाई बचावात आहे. समजा विरोधकांची बोली १ नो ट्रम्प (बिनहुकूम) – ३ नो ट्रम्प, ओपनिंग १५ ते १७ची. डमी (बोली जिंकणाऱ्याच्या भिडूचा, नंतर उघडा मांडला जाणारा हात) अजून दिसलेली नसते, पण ३ नो ट्रम्पवरून तिच्यात साधारण १० धरा; तुमच्याकडे ३. चाळीसमधून वजा करा: भिडूकडे सुमारे १० ते १२ आहेत! म्हणून उतारी (डावाचे पहिले पान) त्याच्यासाठी करा. स्वतःचा पाच छोट्या पानांचा रंग काढून उपयोग नाही, कारण तो वाजवायला पुन्हा हातच मिळणार नाही. न बोललेला इस्पिक किंवा बदाम बघा.

आणि छोटी पानेही बोलतात. डमीत राजा-राणी-गुलाम-दहा-चार, बाहेर एन्ट्री (डमीत जायला दुसरे जिंकणारे पान) नाही. तुमच्याकडे आठ-तीन असतील तर आधी आठ, मग तीन टाका; आधी मोठे, मग छोटे म्हणजे पाने सम संख्येत, ही भिडूला खूण. भिडूकडे एक्क्यासह तीन पाने असली, तर डिक्लेररकडेही (डाव खेळणाऱ्याकडेही) तीनच उरतात हे त्याला कळते आणि तो एक्का तिसऱ्या फेरीपर्यंत राखतो. तीन आधी टाकलात तर त्याचा हिशोब चुकतो.